लढाईचं उरलंसुरलं

१९४६ साली अमेरिकी सरकारपुढे एक वेगळीच अडचण उभी राहिली. लढाई संपली होती आणि दारू उरली होती. सैनिकांच्या रायफलींसाठी बनवलेली, पिंपांत बंद केलेली, न वापरलेली. ठेवावी तर धोका, जाळावी तर खर्च. कॅन्सस राज्यात ब्रूस हॉजडन नावाचे गृहस्थ एका गॅस कंपनीत विक्रेत्याचं काम करत होते. त्यांना नेमबाजीचा नाद होता. आपल्यासारखे नादिष्ट देशभर असणार आणि त्यांना ही दारू हवीच असणार, एवढ्या हिशोबावर त्यांनी आयुर्विम्यावर कर्ज काढलं आणि सरकारकडून ५०,००० पौंड दारू उचलली. साडेबावीस टनांहून थोडी जास्तच भरते ती. ठेवायला जागा नव्हती, म्हणून रेल्वेचा एक जुना मालडबा विकत घेतला आणि भाड्याच्या कुरणात नेऊन उभा केला. तेच कोठार. नेमबाजीच्या मासिकात छोटीशी जाहिरात दिली. मुलं शाळेत जाता जाता घरच्या मोटारीच्या डिकीतून माल पाठवणीच्या ठिकाणी पोचवू लागली.

त्या दारूचा क्रमांक होता ४८९५. एम-१ गॅरंड रायफलीच्या काडतुसासाठी ती बनवलेली होती. पुढे विमानवेधी तोफांच्या काडतुसांतली दारूही अशीच स्वस्तात बाजारात आली. शिकाऱ्यांना ती इतकी मानवली, की सरकारी साठा संपल्यावर हॉजडन यांना तीच दारू नव्याने बनवून घ्यावी लागली, आधी स्कॉटलंडमध्ये आणि नंतर ऑस्ट्रेलियात. आज हॉजडन हे अमेरिकेतल्या किरकोळ दारूविक्रीतल्या सगळ्यात मोठ्या नावांपैकी एक आहे.

वापरलेली काडतुसं घरी पुन्हा भरण्याच्या अमेरिकी छंदाबद्दल वाचायला लागले तेव्हा माझी समजूत होती, की हे स्वावलंबी लोकांचं खूळ असेल. गॅरेजमध्ये बसून, कुणावर अवलंबून न राहता, आपली आपण काडतुसं करणारी माणसं. ती स्वतःकडे तशीच बघतातही. पण स्वस्त माल येतो कुठून, हे शोधत गेलं की दर वेळी वाट एखाद्या लष्करी कोठारापाशी नाहीतर लष्करी कंत्राटापाशी जाऊन थांबते. लढाई संपली की या छंदाची चंगळ, लढाई पेटली की उपास.

काडतुसात चार जिन्नस असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेलं टिकलीएवढं प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. घोडा ओढला की टाचणी प्रायमरवर आदळते, ठिणगी दारूला लागते आणि गोळी निघून जाते. दारू जळाली, प्रायमर फुटलं, गोळी गेली, राहिली पुंगळी. चारांतली सगळ्यात महागडी वस्तू तीच आणि नेमकी तीच शाबूत राहते. सगळा छंद या एका सोयीवर चालतो.

ही सोय जुनी आहे. १८७० च्या दशकात पश्चिमेकडच्या माळरानांवर रानरेड्यांची कत्तल करत फिरणारे शिकारी गावापासून इतके लांब असत, की पुंगळ्या जपून ठेवत आणि रात्री शेकोटीपाशी बसून भरत. शेकोटीपाशी दारू भरायची हे ऐकून अंगावर काटा येतो, पण करत असत. अमेरिकी सैन्यानेही १८८० च्या दशकात सरावाची काडतुसं छावणीतच भरून घेण्याची पद्धत ठेवली होती. कारण तेच, पैसा वाचवणं.

आजच्या गॅरेजमध्ये जाड फळीच्या टेबलाला एक ओतीव लोखंडी प्रेस बोल्टने आवळलेला असतो. पुंगळी त्यात उभी करायची आणि दांडा खाली ओढायचा. फुटलेलं प्रायमर बुडातून टक्‌ करून खालच्या वाटीत पडतं आणि बार उडताना फुगलेली पुंगळी पोलादी साच्यातून दाबली जाऊन मूळ मापाला येते. मग नवं प्रायमर बसवायचं. ते नजरेपेक्षा हातालाच जास्त कळतं. दांड्याला हलका अडसर लागतो, मग ‘बसलं’ असं तळव्याला समजतं. अडसर लागलाच नाही तर पुंगळीचं बूड सैल झालंय, ती भंगारात. मग दारू. ती ग्रेनमध्ये मोजतात आणि ७,००० ग्रेनचा एक पौंड होतो. नऊ मिलिमीटर पिस्तुलाच्या एका काडतुसाला चारपाच ग्रेन पुरतात, म्हणजे पौंडभराच्या डब्यात दीडेक हजार काडतुसं होतात. एका पुंगळीत दोनदा दारू पडली तर हातातलं पिस्तूल फुटू शकतं. म्हणून जुनीजाणती माणसं या वेळी रेडिओ लावत नाहीत, फोन घेत नाहीत आणि टेबलावर एका वेळी एकाच जातीच्या दारूचा डबा ठेवतात.

ही अवजारं विकणाऱ्या कंपन्यांची कुळकथाही टंचाईचीच आहे. दुसऱ्या महायुद्धात गोळ्यांवर चढवायचं तांब्याचं कवच बाजारात मिळेना. कॅलिफोर्नियातल्या ऑरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन यांनी त्यावर तोड काढली. .२२ ची फुटलेली पुंगळी एरवी कुणाच्याच उपयोगाची नसते; तीच साच्यात दाबून त्यांनी गोळीचं कवच बनवलं. वर्ष १९४३. त्या साच्याच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं घेऊन आर.सी.बी.एस. ही कंपनी उभी राहिली. नेब्रास्कातल्या ग्रँड आयलंडचे जॉइस हॉर्नडी आणि त्यांचे सुरुवातीचे भागीदार व्हर्नन स्पीअर यांनीही अशाच फेकून दिलेल्या पुंगळ्यांपासून सुरुवात केली. हॉर्नडींनी १९४९ मध्ये स्वतःची कंपनी काढली. स्पीअर यांचे भाऊ डिक यांनी आयडाहोतल्या लुइस्टन गावी १९५१ मध्ये प्रायमरचा धंदा थाटला; तीच आजची सी.सी.आय.

मिसुरी राज्यात सेडेलिया नावाचं छोटं गाव आहे. संगीतातल्या जाणकारांना ते स्कॉट जॉप्लिन आणि रॅगटाइममुळे माहीत असेल. काडतुसं भरणाऱ्यांना ते माहीत आहे ते सिएरा आणि स्टारलाइन या कारखान्यांमुळे. पहिला गोळ्या करतो आणि दुसरा कोऱ्या पुंगळ्या. जॉप्लिनचं नाव काढलंत तर या मंडळींपैकी निम्म्यांना तो सिएराचा कोणी इंजिनिअर वाटेल.

कोऱ्या पुंगळ्या मात्र शौकिनांनी घ्याव्यात. काटकसरी माणूस खाली वाकतो. गोळीबाराच्या मैदानावर दुपारी शुकशुकाट झाला, की बादली घेऊन पुंगळ्या वेचणारी माणसं दिसतात. काही मैदानांवर याला मनाई असते, कारण तिथला मालक त्या पुंगळ्या स्वतःच किलोवर विकतो. पण खरा घाऊक माल येतो लष्कराकडून. मिसुरीतल्याच इंडिपेंडन्स गावाजवळ लेक सिटी हा सैन्याचा काडतूस कारखाना आहे. १९४१ मध्ये तो सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२० पासून विंचेस्टर कंपनी तो चालवते. सैनिक सरावात एकदा बार काढतात आणि पुढे जातात. त्यांच्या मागे राहिलेलं पितळ सरकार टनांवारी लिलावात काढतं, व्यापारी ते घेऊन निवडतात, धुतात आणि हजार हजारांच्या पिशव्यांत विकतात. बुडावर ‘एल.सी.’ अक्षरं असलेली पुंगळी हातात आली, की भरणाऱ्याचा चेहरा खुलतो. पितळ जाड असतं आणि बरेच फेर टिकतं. एकच कटकट असते. लष्कराच्या पुंगळीत प्रायमर निसटू नये म्हणून कडेने ठोकून पक्कं केलेलं असतं. ती ठोकलेली कड खरवडून काढल्याशिवाय नवं प्रायमर आत जात नाही. हजार पुंगळ्या खरवडायच्या म्हणजे मनगटाची परीक्षाच.

मार्च २००९ मध्ये संरक्षण खात्याने हुकूम काढला, की यापुढे वापरलेल्या पुंगळ्या चिरडून, निव्वळ भंगार म्हणून विकायच्या. ओबामा नुकतेच राष्ट्राध्यक्ष झाले होते. बंदुकांवर निर्बंध येणार या भीतीने दुकानांतली फडताळं आधीच रिकामी होती. त्यात हा हुकूम. चिरडलेल्या पितळेला भंगाराचा भाव, शाबूत पुंगळीला कितीतरी जास्त. म्हणजे सरकार स्वतःच्याच मालाची किंमत पाडून घेत होतं. माँटाना राज्याचे मॅक्स बॉकस आणि जॉन टेस्टर हे सिनेटर खात्याला पत्र लिहून मोकळे झाले आणि हुकूम काही दिवसांतच मागे घेतला गेला. दोघेही डेमोक्रॅटिक पक्षाचे, म्हणजे ज्या पक्षाच्या धास्तीने लोक साठे करत होते त्याच पक्षाचे. माँटानात पुंगळी हा मतांचा विषय आहे.

आणलेल्या पुंगळ्या काजळीने काळवंडलेल्या असतात. आपल्याकडे समईला चिंच लावतात, तसं तिथे सायट्रिक अॅसिडची चिमूट, भांडी घासायच्या साबणाचा थेंब आणि स्टीलच्या बारीक काड्या घालून त्या फिरत्या पिंपात टाकतात. दोनतीन तासांत पितळ सोन्यासारखं होऊन निघतं. जुन्या वळणाची माणसं पाणी वापरत नाहीत. ती अक्रोडाच्या कवचाच्या भुग्यात पुंगळ्या घोळवतात. नेमबाजीच्या दुकानात या भुग्याची छोटी पिशवी महाग पडते, म्हणून ती पाळीव प्राण्यांच्या दुकानात जातात. पाळलेल्या सरड्यांच्या पिंजऱ्यात पसरायला अक्रोडाचाच भुगा मिळतो, मोठ्या पिशवीत आणि पडत्या भावात. काउंटरवरची मुलगी विचारते, सरडा कुठला पाळलाय?

शिशाची गोष्ट पितळेपेक्षा उदास आहे. घरी गोळ्या ओतणारे पूर्वी टायरच्या दुकानांत जात. चाकाचा तोल राखायला रिमला ठोकलेली जुनी वजनं शिशाची असत. दुकानदार बादलीभर वजनं फुकट नाहीतर दोनचार डॉलरना देऊन टाकायचा. शिशाचं विष रस्त्यांवर सांडतं म्हणून वॉशिंग्टन, कॅलिफोर्निया आणि आणखी काही राज्यांनी अशा वजनांवर बंदी घातली. आता बादलीत लोखंड आणि जस्त जास्त. लोखंड वर तरंगतं, काढून टाकता येतं. जस्त घातकी. शिसं ३२७ अंशांवर वितळतं आणि जस्त ४१९ वर. आच जरा जास्त झाली, की जस्त शिशात मिसळतं आणि सगळी कढई वाया जाते; गोळी साच्यात धड भरतच नाही. म्हणून प्रत्येक वजन कातरीने चावून बघतात. शिसं दबतं, जस्त दबत नाही.

शिसं एकटं मऊ पडतं. त्याला कठीणपणा आणायला अँटिमनी आणि कथील लागतं. हे मिश्रण तयार मिळण्याची हुकमी जागा म्हणजे बंद पडलेले छापखाने. लायनोटाइप यंत्राच्या धातूत साधारण १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असतं. गावोगावची छोटी वृत्तपत्रं ऑफसेटवर गेली तेव्हा तो धातू भंगारात आला आणि काडतूस भरणाऱ्यांनी पोत्यांनी उचलला. आता तोही संपत आला. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला तो याच कुळातल्या धातूच्या खिळ्यांवर छापला होता. आपल्या छापखान्यांचे खिळेही पुढे असेच भंगारात गेले. ते कुठे गेले याची नोंद कुणी ठेवली नाही.

२०१३ च्या अखेरीस मिसुरीतल्या हर्क्युलेनियम गावची शिशाची भट्टी बंद झाली. खाणीतल्या खनिजापासून थेट शिसं गाळणारी अमेरिकेतली ती शेवटची भट्टी. लगेच आवई उठली, की सरकारने मागच्या दाराने गोळ्यांवर बंदी आणली. प्रत्यक्षात गोळ्या बनवणारे कारखाने जुन्या मोटारींच्या बॅटऱ्यांतून निघालेलं शिसं वापरत होते आणि आजही वापरतात. भट्टीमुळे गोळ्या अडल्या नाहीत, आवई मात्र खपली. या बाजारात भीती हाच सगळ्यात जोरात खपणारा माल आहे.

पुंगळी वेचता येते, गोळी ओतता येते, दारू मोजून मापून पुरवता येते. प्रायमरला मात्र पर्याय नाही. धक्का लागला तर भडकणारं रसायन मोहरीएवढ्या मापात, ओलं असताना, हलक्या हाताने पितळेच्या कपात भरावं लागतं. हे काम घरात होत नाही. अमेरिकेत ते करणारी मोठी नावं चारच: सी.सी.आय., फेडरल, विंचेस्टर आणि रेमिंग्टन. हे कारखाने आधी स्वतःची काडतुसं भरतात, मग सैन्याची आणि पोलिसांची, आणि उरलं तर सुटी प्रायमरं बाजारात सोडतात. म्हणजे घरी भरणारा गिऱ्हाईक पंगतीत शेवटचा. वाढपी त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत भांडं खरवडायला आलेलं असतं.

२०२० मध्ये हे उघडं पडलं. करोनाची साथ, दंगली, निवडणूक. त्या एका वर्षात बंदूक खरेदीशी जोडलेल्या सरकारी पडताळण्या जवळपास ४ कोटींवर गेल्या. नवी बंदूक घेतली की पहिली गरज काडतुसांची. त्यातच जुलैमध्ये रेमिंग्टनने दिवाळखोरी जाहीर केली आणि आर्कन्सामधल्या लोनोकचा कारखाना रखडला. व्हिस्टा आउटडोअर कंपनीने ८ कोटी १४ लाख डॉलरना तो काडतुसांचा धंदा उचलला आणि हळूहळू चालू केला. तोवर हजाराला साधारण ३० डॉलर असलेलं प्रायमर हातोहात शंभराच्या वर आणि लिलावात दोनशेच्या आसपास गेलं होतं. दुकानदार माणशी एकच डबा देत होते. शंभराचा, हजाराचा नव्हे.

टंचाईत बाहेरचा माल आला. चेक, इटालियन आणि ब्राझीलची प्रायमरं आली, रशियातल्या मुरोमची आली. पण ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेने रशियातले विरोधी नेते नवाल्नी यांच्यावरच्या विषप्रयोगाच्या प्रकरणात निर्बंध लादले, त्यात रशियन बंदुका आणि काडतुसांची नवी आयात अडली. बॉस्नियातल्या गोराझ्दे गावचा मालही पोचला. हे गाव १९९२ ते ९५ या युद्धात वेढ्यात होतं. तिथली प्रायमरं टेक्सासातल्या डोंगरात आणि नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतात फुटू लागली. ती बुडाशी थोडी घट्ट बसतात अशी कुरकुर ऐकू आली, पण घेतली सगळ्यांनीच.

माझा एक मामेभाऊ टेक्सासात आहे. व्हिसावर असेपर्यंत त्याला हा छंद परवडला नसता, पैशाच्या दृष्टीने नव्हे, कायद्याच्या. तात्पुरत्या व्हिसावरच्या परदेशी माणसाने बंदूक वा काडतूस बाळगणं अमेरिकी कायद्याला मान्य नाही. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्ड आलं आणि दादाने गॅरेजात फळी ठोकली. व्हिडिओ कॉलवर तो मला खण उघडून उघडून दाखवत होता. मी हिशोब विचारला. प्रायमर सात सेंट, दारू तीन, गोळी नऊदहा, पुंगळी फुकट. म्हणजे वीस सेंटच्या आसपास. दुकानातलं साधं काडतूस पंचवीसला मिळतं. आणि टेबलावरचा, एका ओढीत एक काडतूस बाहेर टाकणारा प्रेस आठशे डॉलरचा.

“अरे दादा, मग वाचलं काय? आठशे फिटायलाच सोळा हजार बार लागतील.”

“काही वाचत नाही गं. तेवढ्याच पैशांत जास्त बार काढतो, इतकंच. आणि मोठ्या रायफलीचं बघशील तर खरंच अर्ध्यात पडतं.”

“वहिनीला काय सांगितलंयस?”

“तिला सांगितलंय, वाचतं.”

घाऊक घ्यायचं कारण मात्र त्याने नीट समजावलं. प्रायमर आणि दारू धोकादायक माल म्हणून जातात, त्यामुळे दर खोक्यामागे वेगळी ठोक फी पडते. खोक्यात एक डबा असो नाहीतर वीस, फी तेवढीच. पौंडभर दारूवर ती फी भरणं म्हणजे मूर्खपणा. म्हणून चारपाच जण मिळून एकच मागणी नोंदवतात. प्रायमर पाच हजारांच्या पेटीने, दारू आठ पौंडी डब्याने. माल ज्याच्या घरी उतरतो त्याच्या ड्राइव्हवेत शनिवारी वाटणी होते. शिवाय एकाच घाण्यातला, म्हणजे एकाच लॉट नंबरचा माल हवा असतो. लॉट बदलला की दारूचा जोर किंचित बदलतो आणि पुन्हा सगळं मोजून बघावं लागतं. घरात किती ठेवायचं यालाही मर्यादा आहे. अग्निसुरक्षेचा जो नमुना नियम अनेक ठिकाणी लागू आहे, त्यात २० पौंड दारू मूळ डब्यात ठेवता येते आणि ५० पौंडांपर्यंत ठेवायची तर इंचभर जाड लाकडाचं कपाट लागतं. लाकूडच, लोखंड नाही. आग लागली तर दारू बंद लोखंडात फुटते, लाकडात भडकून जळून जाते. प्रायमर दहा हजारांपर्यंत.

२०२१ मध्ये अमेरिकेत गोळी लागून ४८ हजारांहून अधिक माणसं मेली. त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. काडतुसं भरणारे म्हणतात की आमचा त्या आकड्याशी संबंध नाही, आम्ही कागदाला भोकं पाडतो. ग्रेनचा दहावा भाग मोजत रात्र घालवणारा माणूस रस्त्यावरचा गुंड नसतो, हे मला पटतं. पण आत्महत्येची बंदूक बहुतेकदा घरातल्याच कपाटातली असते, हेही तितकंच खरं. दादाच्या कपाटाला कुलूप आहे. ते मी आधी विचारून घेतलं होतं.

आपल्याकडे हा बाजारच नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रं घातली आहेत, आणि बनवायला वेगळा परवाना लागतो. म्हणजे गॅरेजातला तो प्रेसही दारूगोळ्यातच मोडेल. काडतुसं बहुतेक करत आले ते सरकारी कारखाने: १८६९ पासून खडकीत, नंतर भुसावळजवळ वरणगावात. २०२१ मध्ये आयुधनिर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, त्यांतली दारूगोळ्याची कंपनी पुण्यातच आहे. आणि आपले नेमबाज जी .२२ वापरतात तिची पुंगळी पुन्हा भरण्यासारखी नसतेच; तिचं प्रायमर बुडाच्या कडेतच भरलेलं असतं. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीचं कांस्यपदक मिळवलं ते याच जातीच्या रायफलीवर. या खेळातले वरच्या दर्जाचे नेमबाज काडतूस भरत नाहीत, निवडतात. आपली रायफल घेऊन जर्मनीत नाहीतर इंग्लंडात कारखान्याच्या चाचणीगृहात जातात, वेगवेगळ्या लॉटमधून बार काढून बघतात आणि आपल्या नळीला जो लॉट मानवेल तो मोठ्या संख्येने उचलतात.

घरी बार भरण्याची आपली परंपरा उरली आहे ती कोकणात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका आहेत. नळीत वरून दारू ओतायची, छर्रे टाकायचे, गजाने ठासायचं. निवडणूक लागली की पोलीस बंदुका जमा करून घेतात आणि डुकरं-वानरं काजूच्या बागेत मोकळी फिरतात. दर निवडणुकीत बागायतदार ओरडतात. त्यांना स्वस्त माल नको आहे, आहे ती बंदूक वेळेवर परत हवी आहे.

अमेरिकी गॅरेजातल्या दारूचं मूळ मात्र आपल्या विदर्भाला ओळखीचं आहे. बिनधुराची दारू म्हणजे नायट्रोसेल्युलोज, आणि ते होतं कापसापासून. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीवर जी आखूड लव चिकटून राहते, ती तेलगिरणीत खरवडून काढतात. हेच लिंटर. नायट्रिक आणि सल्फ्युरिक अॅसिडात मुरवलं की त्याचं नायट्रोसेल्युलोज होतं. युक्रेनमध्ये तोफा धडधडू लागल्या तशी सगळ्या युरोपला ही लव कमी पडू लागली. एकेका तोफगोळ्यामागे लागणारी दारू किलोंत मोजतात. तेवढ्यात कागदावर नेम धरणाऱ्याची कित्येक हजार काडतुसं होतील. २०२४ मध्ये राइनमेटल या जर्मन कंपनीच्या प्रमुखांनी सांगितलं, की युरोप लिंटरसाठी ७० टक्क्यांहून जास्त चीनवर अवलंबून आहे. त्याच वर्षाच्या सुरुवातीला अलायंट या अमेरिकी कंपनीने नायट्रोसेल्युलोजच्या टंचाईचं कारण देऊन किरकोळ डब्यांची पाठवणी थांबवली. तिचे जुने, नावाजलेले प्रकार महिनोन्‌महिने दिसले नाहीत. आपल्या भंडाऱ्यालाही हा धंदा माहीत आहे. जवाहरनगरची आयुधनिर्माणी स्फोटकं आणि तोफांची दारू करते. २४ जानेवारी २०२५ रोजी तिथे झालेल्या स्फोटात कामगारांचे जीव गेले.

प्रायमरची मालकीही लढाईच्या पैशानेच फिरली. व्हिस्टाकडे सी.सी.आय., फेडरल आणि रेमिंग्टन असे चारांतले तीन प्रायमर-ब्रँड जमले होते. तो सगळा धंदा घ्यायला पुढे आली चेकोस्लोव्हाक ग्रुप ही प्रागची कंपनी, जी युक्रेनला तोफगोळे पुरवून झपाट्याने मोठी झाली होती. अमेरिकेच्या काडतुसांची किल्ली परक्याच्या हाती कशी द्यायची, म्हणून सिनेटमध्ये आवाज उठला. जे. डी. व्हान्स तेव्हा सिनेटर होते, त्यांनीही अर्थखात्याला पत्र लिहिलं. सरकारी छाननी समितीने हरकत घेतली नाही आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुमारे सव्वादोन अब्ज डॉलरना सौदा पुरा झाला. लुइस्टन, फेडरलचं अनोका आणि लोनोक इथले कारखाने जागच्या जागी आहेत, खोक्यांवरची नावंही तीच आहेत. हजार प्रायमरांचा भाव मात्र साथीआधीच्या तीस डॉलरवर परत आलेला नाही; दादाने मागच्या खेपेला सत्तर मोजले.